पाण्यात डोळे उघडे

३ एप्रिल, निरवांगी

आज संस्कृतीने शेततळं या काठापासून त्या काठापर्यंत पार केलं. दोरीला हातसुद्धा लावला नाही. माझीच मुलगी, चौथीत आहे, आपल्या पोरीचं आपण कौतुक करू नये म्हणतात. मी तिथेच उभ्याने केलं आणि आता वहीतही करते.

वही ह्यांनी आणली. हे म्हणजे इंद्रजित, बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर आहेत, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन करतात. म्हणाले, सुप्रिया, तू भेटेल त्याला पोहण्याचं सांगत सुटतेस, थोडं कागदालाही सांग, म्हणजे घरातल्यांच्या कानाला विश्रांती. टोमणा होता, कळला मला. पण वहीचा कागद जाड आहे, म्हणून ठेवून घेतली.

तर कागदा, ऐक. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक पोर शेततळ्यात कळशी बुडवायला वाकली आणि घसरली. काळं प्लास्टिक, त्यावर शेवाळ, हात टेकायला जागा नाही. काठ हाताच्या अंतरावर असून पोर गेली. त्या दिवशी मी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हटलं, आपल्या तळ्यात मी पोरींना पोहायला शिकवणार. आबा म्हणजे सर्जेराव, बोलायला महाग. त्यांनी हूं केलं आणि दुसऱ्या दिवशी तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले. डाळिंबाच्या बागेसाठी जपलेलं पाणी ते, त्यात कोणाला हात धुवू देत नाहीत. मला दिलं.

मी बावड्याची. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची होते. बावड्यात माझ्या वयाची एकही पोर पोहत नव्हती आणि माझ्यापुढे जाणारा एकही पोरगा नव्हता. हे खोटं वाटत असेल त्याने बावड्यात जाऊन विचारावं.

९ एप्रिल

सकाळची शाळा सुटली की पोरी थेट तळ्यावर येतात. आता डझनभर झाल्यात. सगळ्यांचे कपडे शहाजादीने शिवलेत, पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंत चोळणा, भिजल्यावर अंगाला न चिकटणारे. शहाजादी आमच्या शेजारची, घरीच शिलाईकाम करते. "कापड माझं, पोरी तुझ्या," म्हणाली, आणि तिची एकुलती एक अफशीनही माझ्या हवाली केली. स्वतःला मात्र पाण्याची अशी भीती की तळ्याच्या भरावावरही चढत नाही. खालूनच विचारते, माझी दिसतीय का गं वर?

अफशीन पाचवीत आहे. बारीक, काटक, आणि पाण्यात शिरली की मासोळी. अशी पोर शिकवणाऱ्याच्या नशिबात एकदाच येते.

माझी एकच शिस्त. पाण्याखाली डोळे मिटायचे नाहीत. वडील विहिरीत पांढरी गारगोटी टाकायचे आणि म्हणायचे, घेऊन ये. डोळे मिटून बुडी मारली तर गारगोटी सापडायची नाही आणि रात्री जेवताना वडील माझ्याकडे बघायचे नाहीत. मीही तेच करते. पण गारगोट्या प्लास्टिकवरून घरंगळत मधल्या खोल भागात जातात. मग अफशीननेच युक्ती काढली. तळाला आणि कडेला शंखी गोगलगायी चिकटलेल्या असतात, त्यातली एक काढून आणायची. पोरी त्यांना शंखच म्हणतात. जिचा शंख मोठा ती त्या दिवसाची पहिली.

हे शंख पूर्वी नव्हते. गेल्या पावसाळ्यात नणंदेच्या गावच्या तळ्यातून मी कमळाचे कंद आणले, मातीसकट, जुन्या क्रेटमध्ये घालून कोपऱ्यात बुडवले. त्यांच्याबरोबर आले असावेत. आता कमळं फुललीत, बगळे येऊन बसतात. ह्यांनी फोटो काढून कारखान्यात दाखवला तर कोणाला निरवांगी आहे हे पटेना. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

१७ एप्रिल

ठरलं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावासमोर पोरींचं पोहणं. सरपंचबाई हो म्हणाल्यात, इंदापूरचा एक वार्ताहर येणार आहे. शेवटी अफशीन बुडी मारून तळातून शंख काढेल आणि सरपंचबाईंच्या हातात देईल. ही कल्पना माझी. झोपताना हे तिसऱ्यांदा ऐकून ह्यांनी कूस बदलली.

२८ एप्रिल

अफशीनचा डावा डोळा लाल झालाय. डोळे आले असणार, या दिवसांत येतातच. मेडिकलमधून थेंब आणून दिले, दोन दिवस पाण्यात येऊ नको म्हटलं. पोर रडवेली झाली. मलाच वाईट वाटलं.

५ मे

लाली गेली, परत आली. दुसरा डोळा स्वच्छ आहे. डोळे आले असते तर दोन्ही आले असते आणि घरात सगळ्यांना आले असते, असं शहाजादी म्हणते. मी म्हटलं, सुट्टी लागल्यापासून पोर मोबाइल किती बघते ते आधी मोज. शिवाय उसाच्या पाचटाचा धूर चालू आहे, काजळ घालतेस ते वेगळंच.  शहाजादी म्हणाली, अफशीनला त्या डोळ्याने सुईत दोरा ओवता येत नाही, पूर्वी तीच ओवून द्यायची.

शहाजादी फार घाबरट. पाण्याची भीती ती सगळ्यात घालते. आज मी अफशीनला परत उतरवलं, दिवस थोडे राहिलेत. चार शंख आणले पोरीने. एकदा मात्र समोरच्या दोराऐवजी हवेत हात मारला. उन्हाची तिरीप असेल.

संस्कृतीही रात्री डोळा चोळत होती. मोबाइल कपाटात ठेवला.

९ मे

आज माझा अपमान झाला. आधी तो लिहिते.

शहाजादी मला न सांगता अफशीनला बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "डोळ्यात पांढरा ठिपका हाय, ताई. काळ्या भागात, खाली. जवारीच्या दाण्याएवढा. डॉक्टरीन बघितल्या बघितल्या म्हणली, पोरगी तळ्यात पोहती का? मी म्हणलं, व्हय."

मी विचारलं, म्हणजे काय म्हणायचंय त्यांना?

"पाण्यातली कीड हाय म्हणली. डोळ्यात शिरती."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बोलायला नको ते बोलले. म्हटलं, बारामतीत खुर्चीत बसून माझ्या पाण्याला नाव ठेवायला काय जातं. आबा त्या पाण्याला देवासारखं जपतात. म्हटलं, तुला पहिल्यापासून पोहणं नकोच होतं.

शहाजादी रडली नाही, भांडलीही नाही. "मला नको असतं तर मी कापडं शिवली असती का?" एवढं म्हणून गेली. 

१० मे

सकाळी एकटीच तळ्यावर जाऊन बसले. पाणी निवळ होतं, तळ दिसत होता. कमळाच्या पानांखाली बघितलं तर शंखच शंख. बोटभर जागा मोकळी नाही. पानांच्या देठांना, दोरांच्या गाठींना, सगळीकडे. इतके कधी झाले मला कळलंच नाही, मी रोज वरून फुलं बघत होते.

खरं लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही. मनात आलं की पहाटे उठून सगळे शंख हाताने वेचावेत, कमळं उपटावीत, कोणाला काही सांगू नये. कार्यक्रम पार पडला की हळूच वर्ग बंद करावा. दोन पिशव्या घेऊनही गेले होते. एक अर्धी भरली.

घरी आले तर संस्कृती आरशासमोर उभी राहून डोळ्याची पापणी खाली ओढत होती. आई, इथं फोड आलाय, म्हणाली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, तांदळाच्या कणीएवढा.  पिशवी हातातून सुटली आणि शंख अंगणभर झाले. आबा ओसरीवर होते. त्यांनी शंख बघितले, पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 

मी तशीच शहाजादीच्या दारात गेले. म्हटलं, उद्या बारामतीला मलाही ने. ती मशीनवर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, आठच्या गाडीला.

११ मे

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान आहेत. चिडायची तयारी करून गेले होते, त्यांनी संधीच दिली नाही. आधी संस्कृतीला तपासलं. फोड बाहेरच्या पडद्यावर आहे, थेंबांनी जाईल, नजरेला धोका नाही. मग अफशीनला यंत्रासमोर बसवलं आणि मला म्हणाल्या, या, तुम्हीही बघा.

मी बघितलं. एवढा सुंदर डोळा, पाणीदार, तपकिरी. आणि त्यात खाली तो पांढरा दाणा बसलेला.

त्यांनी समजावून सांगितलं. एक बारीक कृमी असतो, साध्या डोळ्यांना दिसत नाही. पाणपक्ष्यांच्या पोटात राहतो. त्यांच्या विष्ठेतून पाण्यात येतो, तिथे गोगलगायीत वाढतो, ऊन पडलं की तिच्यातून बाहेर पडून पाण्यात पोहत राहतो. पोहणाऱ्या मुलाच्या डोळ्याशी आला तर आत शिरतो. तिथे तो जगत नाही, पण डोळा त्याच्याशी लढतो आणि सूज येऊन असा दाणा धरतो. तळ्यात डुंबणाऱ्या मुलांमध्ये हे दिसतं. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

मी विचारलं, डोळे मिटून पोहली असती तर?

त्या म्हणाल्या, धोका बराच कमी झाला असता. पाण्याखाली डोळे उघडे ठेवायची सवय आहे का तिला?

मी तोंड उघडायच्या आधी अफशीन म्हणाली, "मला येतं. काकींनी शिकवलंय. आमच्यात सगळ्यांत जास्त येळ मलाच जमतं."

किती अभिमानाने म्हणाली पोर. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाजादी माझ्याकडे बघेल म्हणून मी मान खाली घातली. तिने बघितलं नाही, माझ्या मांडीवर हात ठेवला.

थेंब देऊन बघायचे, दाणा विरघळला नाही तर लहानशी शस्त्रक्रिया. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, बाकीच्या मुलींनाही घेऊन या. म्हणजे घरोघर सांगणं आलं.

१२ मे

शाळेच्या व्हरांड्यात पोरींच्या आयांना बोलावलं. मला गावात बोलताना कधी अडखळायला होत नाही. आज पहिलं वाक्य सापडेना. शेवटी सरळ सांगितलं. तळं माझं, कमळं मी आणली, शंख त्यांच्याबरोबर आले, आणि पाण्यात डोळे उघडायला मीच लावले. कार्यक्रम रद्द. सगळ्या पोरींना परवा बारामतीला न्यायचं आहे, गाडी आमची, डाळिंबाची पिकअप.

एक जण म्हणाली, म्हणूनच पोरीबाळींना पाण्यात घालू नये. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. उत्तर द्यायला जीभ वळवळली, पण मी गाडीची वेळ सांगितली.

घरी आले तर विहिरीकडून नव्हे, तळ्याकडून मोटारीचा आवाज येत होता. आबांनी तळं उपसायला लावलं होतं. भर मे महिना, डाळिंबाला याच पाण्याचा आधार. मी म्हटलं, आबा, बाग? नुसतं औषध टाकून बघू. ते म्हणाले, "पाणी फिरून भरंल, पोरी. डोळा कुठनं भरायचा?"

सासरे मला पोरी म्हणाले. आजवर सूनबाईच म्हणत होते. सगळं पाणी त्यांनी बागेत आणि शेजाऱ्यांच्या उसात सोडलं. असा सासरा इंदापूर तालुक्यात दुसरा नाही, हे मी कुठेही उभी राहून सांगेन.

२० मे

सगळ्या पोरी तपासून झाल्या. आणखी दोघींच्या पांढऱ्या भागावर संस्कृतीसारखेच फोड निघाले, थेंब चालू केले. बाकी बऱ्या आहेत. ह्यांनी रजा काढून गाडी चालवली. परत येताना म्हणाले, तू त्या दिवशी बोललीस तेव्हा मी मागे खिडकीशी उभा होतो. आणि गाडीचा गिअर बदलला. ह्यांच्या तोंडून कौतुक काढायला डॉक्टर लागेल.

अफशीनचा दाणा हटेना. उद्या शस्त्रक्रिया.

२१ मे

झाली. दाणा काढला. डोळ्याला पट्टी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, नजर किती परत येते ते महिन्याने कळेल, आत्ता वचन देत नाही. आणि शहाजादीला म्हणाल्या, तुम्ही हट्टाने आणलंत म्हणून एवढं तरी म्हणू शकते, अजून थांबला असतात तर अवघड होतं. मी तिला घाबरट म्हणत होते. मागची पानं उलटून ती ओळ खोडणार होते, मग तशीच ठेवली.

४ जून

तळं कोरडं पडलंय. गाळ काढला, कमळं जाळली, प्लास्टिक घासलं, चुना मारला. उन्हात शंखांचा चुरा झाला, पायाखाली कुरकुर वाजतो. बाग थोडी मलूल आहे, आबा टँकर मागवतात आणि मला दिसणार नाही अशा वेळी मागवतात.

पोरी रस्त्यात भेटतात तेव्हा हसतात आणि आई बरोबर असली की खाली बघतात. मी ठरवून टाकलंय की पोहणं संपलं. दोर सोडवायला गेले होते, गाठी सुटल्या नाहीत. आबांनी मारलेल्या गाठी त्या.

१८ जून

आज तपासणीला मी गेले होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टरबाईंनी अफशीनचा उजवा डोळा झाकला. मी आणि शहाजादी मागच्या बाकावर एकमेकींचे हात धरून बसलो होतो, कोणाचा हात कोणता ते कळत नव्हतं.

पोर वाचत गेली. मोठी अक्षरं, मधली, त्याखालची. शेवटच्या ओळीला थांबली, डोळा बारीक केला, म्हणाली, ही पुसट हाय. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, ती मलाही चष्म्याशिवाय पुसट दिसते. नजर आली आहे. थोडी कसर राहिली तर पुढे बघू, पण आली आहे. पाण्यात मात्र बरेच महिने जायचं नाही.

मी रडले. आधी कधी चारचौघांत रडले नव्हते. बाहेर आल्यावर अफशीनने आईच्या पर्समधली सुई-दोऱ्याची डबी काढली, उजवा डोळा हाताने झाकला आणि एस. टी. स्टँडवर उभ्या उभ्या दोरा ओवून दाखवला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेला.

२९ जून

तळ्यात बोअरचं पाणी भरतंय, आता छातीएवढं आहे. वर जाळी टाकली, बगळा बसत नाही. एकही पान नाही, शंख नाही, मी रोज दोर हाताने चाचपते. अफशीनची नजर आली तसं पोहणं संपलं हे मनाला पटेना. पाणी दाखवायला डॉक्टरबाईंना फोटो पाठवले, विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, इतकी काळजी घेत असाल तर शिकवा, डोळ्यांना चष्मे लावून. बारामतीहून पोहण्याचे चष्मे आणले, डझनभर. गावात निरोप दिला की रविवारी सकाळी तळ्यावर या.

आज रविवार. मी आणि संस्कृती भरावावर बसून राहिलो. कोणी आलं नाही. उन्हं वर आली. आया-पोरी खाली बांधावर उभ्या होत्या, म्हणजे बघायला आल्या होत्या, उतरायला नाही. त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी चष्म्यांची पिशवी बांधायला घेतली.

तेवढ्यात शहाजादी भराव चढून वर आली. खालूनच पोरीची चौकशी करणारी शहाजादी. अंगावर तिने स्वतःसाठी शिवलेला पोहण्याचा पोशाख, निळा, पूर्ण बाह्यांचा. मागून अफशीन, डोक्यावर टोपी, काळा चष्मा, हातात शिट्टी. शहाजादी काठावर येऊन थांबली. खालच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोहणं वंगाळ न्हाय. पाणी वंगाळ हुतं, आता न्हाय. पोरीला परत घालायच्या आधी मी उतरून बघती. धर मला, ताई."

मी चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि तिला धरून आत उतरले. तिने माझ्या दंडात नखं रुतवली, अजून वळ आहेत. म्हटलं, पाठीवर पड, मी खाली हात देते. पडली. शरीर दगडासारखं आखडलेलं. काठावरून अफशीन ओरडत होती, माझ्याच स्वरात, माझेच शब्द, अम्मी, मान सोड, पाय सोड, पाणी पाडत न्हाय. मग हळूहळू शहाजादी सैल झाली. मी एक हात काढला, मग दुसरा. ती तरंगत राहिली. 

मी आजवर एवढ्या पोरींना पोहायला शिकवलं आणि प्रत्येकीचा मोठेपणा स्वतःच्या नावावर मांडला. आजचा सगळा तिचा होता आणि तरीही छाती माझीच भरून आली.

काठावरून अफशीनने शिट्टी मारली. "काकी, अम्मीनं चष्म्यात डोळं मिटल्यात."

मी म्हटलं, "मिटू दे गं. तू बघतीयंस न्हवं, तेवढं बास."

मागे वळून बघितलं तर दोघी-तिघी पोरी भरावावर चढून चप्पल काढत होत्या.